हात वर केला होता

गेल्या सव्वीस वर्षांत हिंदी पडद्यावरून जे कोणी खून करून पळाले, घर सोडून निघाले किंवा इस्पितळाच्या बोळकांडीत नुसत्याच येरझाऱ्या घालत राहिले, त्यांतल्या निदान शंभरेक जणांचे पाय पाऊलवाल्याचे होते. चित्रीकरणाच्या वेळी नटाच्या चालण्याचा आवाज नीट पकडला जात नाही. तो नंतर बंद खोलीत, समोर चित्र लावून, दुसऱ्याच माणसाने चालून भरायचा असतो. हा दुसरा माणूस म्हणजे पाऊलवाला. खरे नाव पगाराच्या कागदावर होते. हाक मात्र याच नावाने पडे, आणि तीही काम असेल तेव्हाच.

खोली तळघरात होती. भिंतींना जाड गाद्या, आणि जमिनीत सात चौकोनी खड्डे: एकात फरशी, एकात फळ्या, एकात खडी, पुढे वाळू, माती, पत्रा आणि सिमेंट. मांडणीवर एक्केचाळीस जोडे. त्यांत उंच टाचांच्या सँडलही होत्या, त्याच्या मापाच्या मुद्दाम करून घेतलेल्या. त्या घालून तो नायिकांसारखा अलगद चाले. त्याच्या बायकोचे म्हणणे असे की सगळी नजाकत परक्या बायकांसाठी, घरात शिरताना मात्र म्हशीसारखे पाय आपटत येतात. वाळले गवत हवे असेल तर तो जुन्या कॅसेटची फीत चुरगाळी. हाड मोडायचे असेल तर कोबीचा दांडा मोडी. काम चोख, तोंड कडू. कुणाची चाल, कुणाचे खोकणे, कुणाचा चहा पिण्याचा आवाज, काही त्याच्या जिभेतून सुटत नसे. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या बाकावर दुसरे कोणी बसत नव्हते आणि त्यालाही कोणी बसावे असे वाटत नव्हते.

या खोलीचा एक कायदा होता. साडीची सळसळ, श्वास, बोटांनी पान उलटणे असले बारीक आवाज घेताना काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक आपल्या हेडफोनचे बटण पुरते वर नेतो. त्या अवस्थेत खोलीत टाचणी पडली तरी त्याच्या कानात हातोडा पडतो. म्हणून मोठा आवाज करण्यापूर्वी खोलीतल्या माणसाने डावा हात डोक्यावर न्यायचा. पलीकडच्याने बटण खाली आणून आपला तळवा काचेला लावायचा. तळवा दिसल्यावरच ठोका. भाषणबाजी नाही, लिखापढी नाही. एकाचा हात आणि दुसऱ्याचा तळवा, एवढ्या विश्वासावर लोकांचे कान शाबूत राहत.

पहिली बारा वर्षे त्या काचेपलीकडे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान बसत. भाऊजींनीच त्याला या धंद्यात आणले, चालायला शिकवले, आणि आपण शिकवले हे त्याला एक दिवसही विसरू दिले नाही. उपकाराचे ओझे डोक्यावर असले की मान दुखते; ते ओझे दुसराच रोज मोजून दाखवू लागला की माणूस मानेपेक्षा त्या बोटाचा राग करू लागतो. चौदा वर्षांपूर्वीच्या एका सकाळी एका प्रसंगात नायकाने पडदा हळूच बाजूला सारायचा, चार पावले टाकायची आणि लोखंडी दार लोटून द्यायचे, असे होते. भाऊजींनी ती चार पावले अकरा वेळा चालायला लावली. पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर माइकवरून म्हणाले की हा नायक आहे, सासऱ्याकडे उसने मागायला निघालेला जावई नव्हे. पाहुणे हसले. बाराव्या वेळी पाऊलवाल्याने पडदा सारला, चार पावले टाकली आणि पत्र्यावर लाकडी फळी सगळ्या ताकदीने मारली. डावा हात खालीच होता.

भाऊजी खुर्चीतून घसरले. दोन्ही कानांवर हात, तोंड उघडे, पण आवाज नाही. स्टुडिओचे मालक धावत आले. त्यांनी काचेपलीकडच्या माणसाकडे पाहिले आणि खोलीतल्या माणसाला विचारले की हात केला होता का. पाऊलवाल्याने सांगितले, हात वर केला होता. इथवर भीती होती. पण भीतीच्या मागोमाग दुसरे काहीतरी आले आणि त्याच दमात तो पुढे म्हणाला, "भाऊजींना डुलकी लागली असेल."

हे दुसरे वाक्य त्याच्याकडे कोणी मागितले नव्हते.

भाऊजींचा उजवा कान गेला आणि गेला म्हणजे शांत झाला असेही नाही. त्यात एक बारीक शिट्टी राहायला आली, ती पुन्हा गेली नाही. डावा अर्धा उरला. ऐकण्याचे काम संपलेच होते. पण जुन्या आवाजांच्या पेट्या लावण्याचे, यादी ठेवण्याचे काम ते करू शकले असते. मालक म्हणाले, झोपणारा माणूस ठेवता येत नाही. हा शब्द मग एका स्टुडिओतून दुसऱ्यात गेला. नातलगांतही गेला. आईने तर जावयाला तोंडावर विचारले की रात्री जागता कशाला. ताईने आपल्या नवऱ्याचे खरे मानले, भावाचे तोंड पाहणे सोडले, आणि आई वारली तेव्हाही दोघे भावंडे खोलीच्या दोन टोकांना उभी राहिली.

हे सगळे पाऊलवाला विसरला होता असे नाही आणि रोज आठवत होता असेही नाही. जुन्या दुखऱ्या दाढेसारखे त्याने दुसऱ्या बाजूने चावायला शिकून घेतले होते. आणि मग तो सिनेमा आला.

सिनेमा मानसिक थरारपट होता. त्यातल्या शल्यविशारदाच्या हातून एक रुग्ण जातो. चूक तो परिचारिकेवर ढकलतो, मोठा होतो, आणि पुढे मनःशांतीसाठी एका मौनकेंद्रात जाऊन राहतो. तिथल्या पांढऱ्या, निःशब्द दालनात त्याला एक शिट्टी ऐकू येऊ लागते. दिग्दर्शिका पस्तिशीची होती, आवाज कधी न चढवणारी, आणि म्हणूनच तिच्यापुढे सगळे टरकून असत. तिला ती शिट्टी हवी होती. पाऊलवाल्याने ओल्या बोटाने काचेच्या पेल्याची कड घासली, तारेवर गज फिरवला, किटलीच्या तोटीला फुगा लावला. तीन दिवसांत चौतीस शिट्ट्या झाल्या. तिने प्रत्येक ऐकली आणि प्रत्येकीबद्दल एकच सांगितले की ही बाहेरून येते आहे, हिला ऐकणारा माणूस कान झाकून वाचू शकतो.

तेव्हा काचेपलीकडचा सध्याचा ध्वनिमुद्रक, ज्याला सगळे चष्मा म्हणत, तो सहज बोलून गेला की पाऊलवाल्याच्या मेहुण्याच्या कानात अस्सल माल आहे, तोच आणावा. दिग्दर्शिकेने मान वळवून पाऊलवाल्याकडे पाहिले. ती म्हणाली की मग आणा.

त्याला नाही म्हणता आले असते. पण नाही म्हटल्यावर का, हा प्रश्न आला असता.

ताईचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. तिने दार उघडले ते साखळीपुरतेच. चौदा वर्षांनी दाराशी आलेल्या भावाला तिने वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि काय काम आहे असे विचारले. तो प्रकृतीची चौकशी करू लागला, भाचीचे विचारू लागला. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची त्याची ही रीत तिला लहानपणापासून पाठ होती. तिने साखळी काढली नाही. मग त्याने सिनेमाचे, शिट्टीचे सांगितले.

"लोक कामापुरता मामा करतात," ती म्हणाली, "आमच्याकडे मामाच कामापुरता येतो."

मग तिने नवरा कामाला होता त्या छापखान्याचा पत्ता सांगितला, आणि दार लावण्याआधी एवढेच म्हणाली की दुपारी एकला जा, तेव्हा यंत्रं बंद असतात. त्यांना तेव्हाच बोलता येतं आणि तेव्हाच सगळ्यात जास्त त्रास होतो.

भाऊजी छापखान्याच्या बांधणी विभागात होते. पुस्तकांच्या पाठीला सरस लावायचे काम त्यांनी मुद्दाम मोठ्या यंत्राच्या शेजारी मागून घेतले होते. यंत्र धडधडत असेपर्यंत कानातली शिट्टी त्यात बुडून जाई. एक वाजता यंत्र थांबले तसा त्यांचा चेहरा आवळला. पाऊलवाला त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन मोठ्याने बोलू लागला. त्यांनी सरसाचा कुंचला पाण्यात बुडवला, बोटे पुसली आणि सगळे ऐकून घेतले. राग दिसला असता तर पाऊलवाल्याला सोपे गेले असते. भाऊजी गिऱ्हाइकाशी बोलावे तसे बोलले. शिट्टी देतो म्हणाले. बुधवारी सकाळी येतो म्हणाले. मोबदला मात्र एकच.

"त्या दिवशी मालकांनी जो प्रश्न विचारला, तो परत विचारायचा. त्याच खोलीत. उत्तर तू द्यायचं."

"आता इतक्या वर्षांनी, भाऊजी..."

"उत्तर काय द्यायचं ते मी सांगत नाही. तेच दिलंस तरी चालेल. मला फक्त तुझं तोंड बघायचंय, देताना."

यंत्र पुन्हा सुरू झाले. भाऊजींच्या कपाळावरची आठी उलगडली आणि पाऊलवाल्याचे पुढचे बोलणे त्या धडधडाटात कोणालाच ऐकू गेले नाही.

घरी बायकोने ऐकून घेतले आणि भांडी जरा जोरात लावली. तिचे म्हणणे सरळ होते. या धंद्यात माणसाचा हात हाच त्याचा दाखला. हात न करता ठोका मारणारा म्हणून शिक्का बसला की कोण काचेपलीकडे बसेल. चौदा वर्षे झाकलेली मूठ आता उघडून मिळवायचे काय. पाऊलवाला म्हणाला की अजून काही ठरले नाही. ती थबकली, त्याच्याकडे पाहू लागली. चौदा वर्षे तिनेही नातलगांत हेच सांगितले होते की यांनी हात केला होता. छातीवर हात ठेवून सांगितले होते.

"म्हणजे केला नव्हता?" तिने विचारले.

तो मोरीत जाऊन पाय धूत बसला. बाहेर आला तेव्हा ताट वाढून ठेवलेले होते आणि ती दुसऱ्या खोलीत गेली होती. बुधवारपर्यंत ती त्याच्याशी कामाशिवाय बोलली नाही.

बुधवारी भाऊजी इस्त्रीचा सदरा घालून आले. चष्म्याने उठून त्यांना आपली खुर्ची दिली. खुर्ची तीच होती. फक्त तिचे कापड बदलले होते. यंत्रातून एक सरळ सूर सोडला होता आणि तो वरखाली करण्याचे गोल बटण भाऊजींच्या बोटांखाली होते. डोळे मिटून ते ते बटण फिरवत राहिले. सूर चढत गेला, दिग्दर्शिकेच्या कपाळाला आठ्या पडल्या, चष्म्याने दात आवळले. एका जागी भाऊजी थांबले, केसभर मागे आले आणि म्हणाले, "ही." मग त्याखाली त्यांनी एक दुसरा सूर मागितला, अगदी अस्पष्ट, दूर कुठे टाकीत पाणी पडत असल्यासारखा. दोन्ही एकत्र लावले गेले. पाऊलवाल्याला वाटले, आपण आता बाहेर जावे. हा आवाज आपण बनवला आहे, चौतीस खोट्या शिट्ट्यांच्या आधी, एका फळीने, हे त्याला कळत होते. पण तो ऐकण्याची वेळ आपल्यावर येईल असे त्याने कधी धरले नव्हते. दिग्दर्शिकेने हलकेच सांगितले की हेच हवे होते.

"आता मालकांना बोलवा," भाऊजी म्हणाले.

मालक आले. आता सत्तरी उलटलेले, हातात काठी. कशासाठी बोलावले ते कळल्यावर त्यांनी जुनी मढी उकरू नयेत असे काहीतरी म्हटले, गुडघ्यांची तक्रार केली, दिग्दर्शिकेपुढे अवघडून हसले. पण दिग्दर्शिकेने भिंतीला टेकून हाताची घडी घातली होती आणि ती हलणार नव्हती. पाऊलवाला खोलीत गेला, पत्र्याच्या खड्ड्याजवळ माइकसमोर उभा राहिला. काचेपलीकडे भाऊजी. मालकांनी बटण दाबून विचारले की त्या दिवशी हात केला होता का.

त्याने रात्रभर दोन उत्तरे घोळवली होती, एक हो आणि एक नाही. तोंडातून तिसरेच आले.

"अर्धा केला होता," तो मोठ्याने म्हणाला.

भाऊजींना हे ऐकू गेले. त्यांनी माइक ओढून घेतला. "अर्धा हात कुठपर्यंत असतो? दाखव की. आम्ही अडाणी माणसं, कधी बघितला नाही."

चष्मा हसला आणि लगेच खोकल्याचे निमित्त करू लागला. पाऊलवाल्याचा डावा हात कोपरापर्यंत वर आला. खांद्याच्या जरा खाली येऊन थांबला. सव्वीस वर्षांत हजारो वेळा सरळ डोक्यावर गेलेला तो हात तिथे लोंबकळत राहिला. तो खाली घ्यावा तर खोटे, वर न्यावा तर त्याहून खोटे. काचेपलीकडचे तिघे जण त्या हाताकडे पाहत होते. भाऊजी पाहत नव्हते. त्यांना म्हटल्याप्रमाणे फक्त तोंड बघायचे होते.

हात खाली आला. त्याची मानही खाली गेली, इतकी की ओठ माइकपासून वीतभर अंतरावर आले, आणि तो पुटपुटला.

"नाही केला. त्यांचे डोळे उघडे होते, माझ्याकडेच बघत होते. डुलकीचं मी रचलं. अकरा वेळा चालवलं म्हणून राग होता. विसरलो नव्हतो मी. हात करायचा असतो हे माझ्या लक्षात होतं."

मालक काठीवर रेलले. त्यांनी पाऊलवाल्याला सांगितले की उद्यापासून येऊ नका. मग भाऊजींकडे वळून, आपल्याला फसवण्यात आले, माहीत असते तर आपण असे केले नसते, असे सांगू लागले. त्यांच्या दृष्टीने सुंठीवाचून खोकला जात होता: दोष ज्याचा त्याने घेतला, आपण मोकळे. भाऊजींनी त्यांना वाक्य पुरे करू दिले.

"मालक, तुम्ही त्याला विचारलंत. मला विचारलंच नव्हतंत. मी इथंच पडलो होतो की."

माइक सुरू होता, त्यामुळे सगळे मुद्रित झाले होते. दिग्दर्शिकेने भाऊजींना, अगदी आदबीने, विचारले की सिनेमात शेवटी शल्यविशारद कबुली देतो, तिथे हा आवाज वापरता येईल का. असा श्वास कोणत्याही नटाकडून मिळणार नाही. भाऊजींनी मान हलवून नाही सांगितले. तिला नवल वाटले असावे, कारण तिने विचारले की मग पुसून टाकू का. तेही नको म्हणाले. त्यांना एक प्रत हवी होती.

"बायकोला ऐकवीन," ते म्हणाले. "तो काय बोलला ते ती मला सांगेल. मला ऐकू नाही आलं. मालकांच्या तोंडावरून कळलं की बोलला."

पाऊलवाल्याने मांडणीवरचे आपले स्वतःचे दोन जोडे पिशवीत घातले. बाकीचे एकोणचाळीस स्टुडिओचे होते. जाताना चष्म्याने काचेआडून काही म्हटले, ते सहानुभूतीचे नव्हते.

चार दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, ताई त्याच्या दाराशी आली. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने हातात घेतला पण प्याली नाही. बसली नाही. पाऊलवाल्याला क्षणभर असे वाटून गेले, आणि वाटल्याची लाजही वाटली, की झाले ते बरे झाले, ती आली तर खरी.

"चार दिवस ऐकवतेय मी ते," ताई म्हणाली. "त्यांना कळेना म्हणून एकेक शब्द कानाशी ओरडून सांगावा लागला. सगळा जिना ऐकत होता. 'विसरलो नव्हतो' हे मी माझ्या तोंडानं ओरडले. तीनदा. तिसऱ्यांदा त्यांनी मान हलवली, कळलं म्हणून."

तो म्हणाला की त्याने खरे तेच सांगितले.

"सांगितलंस. बरं केलंस." तिने पेला कट्ट्यावर ठेवला. "आई तुझं खरं मानून गेली. शेवटच्या आजारात ते तिला पाणी पाजायला गेले, तर म्हणाली, जावईबापू, सांडाल, झोपेत आहात. ते हसले तेव्हा. आता तिला कुणी सांगायचं? सांग ना, तू सांगतोस? कुठल्या माइकवरून?"

बायको आत निघून गेली. पाऊलवाल्याने विचारले की भाऊजींना भेटायला आले तर चालेल का. बोलणार नाही, नुसता बसेन.

"नको," ताई म्हणाली. "तुला हलकं वाटायला हवं असेल ना, तर त्या सिनेमात कुठलंतरी केंद्र दाखवलंय म्हणे, तिकडे जा. आमचं घर त्यासाठी नाही."

ती निघाली. तो दारात उभा राहिला. जिना सिमेंटचा होता, तिच्या पायांत रबरी तळाच्या सपाता होत्या, आणि त्याच्या कानांना ऐकू नये म्हणता येत नव्हते: डावे पाऊल पूर्ण, उजवे कडेवर, प्रत्येक पायरीला कठड्यावर तळहाताचा भार. उजवा गुडघा गेला होता, आणि ते काल-परवाचे नव्हते. चार मजले ती अशीच चढून आली होती. खाली सोडायला जावे म्हणून त्याने एक पायरी उतरली. त्याची चाहूल लागताच खालची पावले थांबली. तो थांबला तशी ती पुन्हा सुरू झाली, पहिल्यापेक्षा घाईने, दुखऱ्या पायावर भार टाकत. तेव्हा तो परत वर आला, घरात गेला आणि तिला पुन्हा घाई करावी लागू नये म्हणून आतल्या खोलीत, जिन्यापासून लांब, जाऊन बसला.